काही बोललं नाही, म्हणजे झालं

धुळे, १० फेब्रुवारी १९९२

झुंबरअक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र तू न फोडताच चुलीत घातलं नसशील, तर एवढं वाच. पत्ता छगनभाऊंकडून मागून घेतला. मधल्या सहा वर्षांच्या गोष्टी मध्येच राहू देत. माझं एक काम आहे, तेवढंच सांगतो.

आबांना लकवा झाला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी केळीचे घड उतरवताना गाडीच्या चाकाला धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. जळगावच्या डॉक्टरांनी सोळा दिवस ठेवून घेतलं, आता गावी घरी आणलं आहे. त्यांना कळतं सगळं. कोण आलं, कोण गेलं, चहात साखर कमी पडली, सगळं. फक्त शब्द निघत नाही. 'हं' असा एक आवाज निघतो. होकाराला तोच, नकाराला तोच, रागालाही तोच. त्यांची सून, म्हणजे माझी बायको सुंदर, त्यांच्याजवळ राहते. मी धुळ्याच्या नोकरीतून शनिवारी एसटीनं रावेरला जातो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येतो.

आता काम. आबांचे बैल, मोऱ्या आणि बाण्या, कोणाचंच ऐकत नाहीत. पुढे चालतात, पण वळत नाहीत आणि मागेही सरकत नाहीत. गेल्या रविवारी मी गाडी जुंपली आणि बांधाशी 'वळा, वळा' म्हणत राहिलो. ते मला घेऊन सरळ बांधापलीकडच्या छगनभाऊंच्या केळीत शिरले. बारा खांब मोडले. छगनभाऊ रागावले नाहीत, पण त्यांनी काठी घेऊन मोऱ्याच्या पाठीवर दोन ओढल्या. आबा अंगणात खाटेवर होते. त्यांनी असा आवाज काढला की सुंदर हातातलं पीठ टाकून धावत आली.

तुला आठवत असेल, आबा म्हणायचे, "बैलाले मारनं म्हंजे आपल्याले सांगता येत नही, हे कबूल करनं." ते कसं सांगायचे, ते मला माहीत नाही. मी जळगावला वसतिगृहात होतो. मोऱ्या-बाण्या गोऱ्हे होते तेव्हा त्यांच्यामागे आबा आणि तू होतात. ते शब्द दोघांनाच येतात, आणि त्यातल्या एकाची वाचा गेली.

छगनभाऊ म्हणतात, "बाजाराले लाव यायले." अडेल बैलाला बाजारात कोण घेतं, ते तुला माहीत आहे. म्हणून एवढंच मागतो, ते शब्द लिहून पाठव. पोस्टकार्डावर मावतील. बाकी काही लिहायची गरज नाही.

रतिलाल


धुळे, २४ फेब्रुवारी १९९२

अक्का,

दोन आठवडे झाले. पत्र पोचलं नसेल असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो आहे. तुझं चाळीसगाव काही विलायतेत नाही, हे मलाही माहीत आहे.

तू विचारलं नाहीस तरी माझं सांगतो. मी आता नुसता टंकलेखक नाही. कचेरीत कॉम्प्युटर आला आहे. एक यंत्र आणि त्याला जोडलेले सहा पडदे. खोली थंड ठेवतात आणि आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. आमचे शिपाई पहिल्या दिवशी दारातूनच हात जोडून गेले. तीन महिने पुण्याहून एक सर शिकवायला येत होते. आता तालुक्यांच्या गावांच्या याद्या त्यात भरायचं काम माझ्याकडे आहे.

या यंत्राशी हुकमाच्या भाषेत बोलायचं असतं, आणि हे हुकूम बघितले की मला हसू येतं. पूर्ण शब्द एकही नाही. 'आर एम' म्हणजे रिमूव्ह, काढून टाक. 'सी पी' म्हणजे कॉपी. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या यंत्राची बटणं फार जड होती म्हणे, म्हणून त्यांनी मिळेल तिथे अक्षरं गाळली. 'कॅट' म्हटल्यावर मी मांजर समजलो होतो, सर पोट धरून हसले. तो एका लांबलचक इंग्रजी शब्दाच्या मधला तुकडा आहे, अर्थ एकाला एक जोडणं. आम्ही तो कागद, म्हणजे यंत्रातली फाईल, वाचून दाखव म्हणायला वापरतो. 'मॅन' हा कोणी माणूस नाही, माहितीपुस्तकाचं अर्धं नाव आहे. अडलं की मॅनला विचारायचं. मला आजकाल बरंच अडतं, पण ते मॅनमध्ये सापडत नाही.

सरांनी मला एक वही करायला सांगितली. प्रत्येक हुकूम, तो कुठून आला, आणि मराठीत अर्थ. मी पहिल्याच पानावर अडलो. 'काढ' लिहू, 'काढा' लिहू की कचेरीच्या पद्धतीनं 'काढावे'? सर म्हणाले, "यंत्राला कसला मान? काढ लिहा." मग मी सगळीकडे एकेरीत लिहिलं. जा, आण, दाखव, पुस, मार. वही वाचली तर कोणी खाष्ट सासू बोलते आहे असं वाटतं.

'एम व्ही' वर मात्र मी थांबलो. मूव्ह, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी ने. पण कागदाचं नाव बदलायचं असलं तरी हाच हुकूम. सरांना विचारलं, दोन वेगळी कामं आणि शब्द एकच कसा? ते म्हणाले, यंत्राच्या दृष्टीनं घर बदललं काय आणि नाव बदललं काय, सारखंच. मला तुझी आठवण आली. वहीत काय लिहिलं ते सांगत नाही.

आणि एक. हुकूम चुकला तर यंत्र ओरडतं. बरोबर असला तर काहीच म्हणत नाही, झालं असंसुद्धा नाही. पहिले आठ दिवस मी तोच हुकूम दोनदा-तीनदा द्यायचो. सर म्हणाले, "काही बोललं नाही म्हणजे झालं." मला ते पटकन समजलं, कारण मी सहा वर्षं असंच समजत आलो आहे. तू काही बोलली नाहीस, म्हणजे झालं.

शब्द पाठव. काल छगनभाऊंनी बाजाराचा वार विचारला.

रतिलाल


रावेरजवळ, गावी, ८ मार्च १९९२

अक्का,

तुझं कार्ड सुंदरनं देवासमोर ठेवलं होतं. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती. ते इथे उतरवून घेतो, म्हणजे मी बरोबर वाचलं की नाही ते तुला कळेल.

'मोऱ्या उजवीकडचा. आधी नाव, मग एक श्वास थांब, मग शब्द. उजवीकडे: मोऱ्या, आंग. डावीकडे: बाण्या, आंग. मागे घ्यायचं तर पाठ, पाठ, पाठ. तीनदाच, हळू. चौथ्यांदा म्हणशील तर बिथरतील. थांबवायला थेर. जुंपताना काही बोलायचं नाही, जू नुसतं उचलून धर, ते मान घालतात. मारायचं नाही.'

माझ्या यंत्रात उलटं आहे. तिथे आधी हुकूम, मग नाव. काय करायचं ते आधी सांगायचं आणि कोणाला ते मागून. मी बैलांशी तसंच बोलत होतो. आधी नाव घेऊन थांबायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

आज सकाळी जू उचलून धरलं. आधी बाण्यानं मान घातली, मग मोऱ्यानं. बांधाशी आलो आणि म्हटलं, "मोऱ्या," थांबलो, "आंग." आणि गाडी वळली अक्का. एवढी मोठी जनावरं, एवढ्याशा शब्दानं. छगनभाऊ ट्रॅक्टर थांबवून बघत होते. म्हणाले, "आयला, लेकीचं ध्यानात हाये त्यायच्या!"

त्यांचा आवाज तुला माहीत आहे, कुजबुजले तरी शिवेपर्यंत जातं.

अंगणात गाडी मागे घेतली. पाठ, पाठ, पाठ. वळून बघतो तर आबा खाटेवर अर्धे उठले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे, गाडीच्या मागे, फाटकाकडे बघत होते. ते शब्द माझ्या तोंडातून आले म्हणजे कोणीतरी मला सांगितले, आणि सांगणारं माणूस एकच आहे. ते तुला शोधत होते. मग माझ्याकडे बघून 'हं' म्हणाले. तो होकार नव्हता, नकार नव्हता, रागही नव्हता. तो प्रश्न होता. मी बैल सोडायच्या निमित्तानं गोठ्यात गेलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो.

तेव्हापासून त्यांनी खाट फिरवून घेतली आहे. आधी घराकडे तोंड होतं, आता रस्त्याकडे आहे. एसटी थांबली की मान उचलतात. सुंदर म्हणाली, "ताईले बलवा नं. वाट पाहू राह्यले ते."

बैलांचं काम झालं. तुझे उपकार आहेत. पण आता आबांचं काय करू, ते मला कळत नाही.

रतिलाल


धुळे, ३० मार्च १९९२

अक्का,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा फाडलं तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून आज कचेरीतच बसून लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात इथे एक प्रकार झाला. साहेब त्यांच्या नावानं यंत्र उघडून जेवायला गेले आणि पडदा तसाच उघडा राहिला. एका कारकुनानं गंमत म्हणून त्यावर बसून दोन तालुक्यांच्या याद्या पुसून टाकल्या. नंतर नोंद बघितली तर काम साहेबांच्या नावावर. साहेब शपथ घेऊन सांगत होते की मी नाही. पुण्याच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "यंत्र माणूस ओळखत नाही, नाव ओळखतं. ज्याचं नाव उघडं, हुकूम त्याचा." मी कोण आहे, हे यंत्राला विचारायचा एक हुकूम आहे. 'हू अ‍ॅम आय.' साहेबांच्या पडद्यावर बसून मी विचारलं असतं, तर त्यानं मला साहेबांचं नाव सांगितलं असतं.

मी त्या कारकुनाला खूप बोललो. सगळे म्हणाले, रतिलालला एवढा राग कशाचा आला?

१९८६ च्या एप्रिलमध्ये तुला जे टाइप केलेलं पत्र आलं, ते आबांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. 'तू आम्हाला मेलीस. या घराचा उंबरा चढू नकोस. आखाजीला येऊ नकोस.' खाली नथ्थू दौलत चौधरी यांचा अंगठा. अंगठा खरा होता. मजकूर आबांना माहीत नव्हता. मी त्यांना सांगितलं, विहिरीवरच्या वीजजोडणीचा अर्ज आहे. त्यांनी धोतराला बोट पुसलं आणि विचारलं, "कोठी लावू?" मी जागा दाखवली.

कारण सांगतो, पण ते कारण म्हणून घेऊ नकोस. तू तोतारामरावांशी चाळीसगावला नोंदणी लग्न करून महिना झाला होता. माझी सोयरीक सुंदरशी ठरत होती. तिच्या वडिलांनी अट घातली की परजातीत गेलेली बहीण घरी येत-जात असेल तर आमची मुलगी देणार नाही. आबांकडे हे बोलायची माझी छाती झाली नाही. ते म्हणाले असते, मग नको ती सोयरीक. म्हणून मी त्यांच्या नावानं हुकूम दिला. तू काही बोलली नाहीस. मी समजलो, झालं.

नंतर वर्षभर ते मला विचारायचे, "त्या अर्जाचं काय झालं रे?" मी म्हणायचो, वर पाठवला आहे.

आणि अजून एक, हे मी लपवलं तर पत्र लिहून उपयोग नाही. पहिल्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, तेव्हा आबांनी लिंबाला झोका बांधला. दिवसभर गल्लीतल्या पोरी झोका घेत होत्या आणि आबा ओट्यावर बसून होते. संध्याकाळी दोर सोडून गुंडाळून ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा. अशा सहा आखाज्या गेल्या. तुझं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. त्यांना वाटत होतं, लेकच आपल्याला विसरली. मी प्रत्येक वेळी समोर होतो आणि एका वाक्यात ते थांबवू शकत होतो.

यंत्रात पुसलेलं परत आणायचा हुकूम नाही. सरांना मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "चौधरी, तुमचं काय पुसलं गेलंय?"

अक्का, तू ये. मला शिव्या घालायला ये. फक्त त्यांच्यासमोर एकदा उभी राहा.

रतिलाल


गावी, १९ एप्रिल १९९२

अक्का,

तीन आठवडे तुझं काही नाही. आता मी तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत नाही. लावायची भीती वाटते.

मी रजा काढून इथेच आहे. बुधवारी आबांना सगळं सांगितलं. तुला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, मन हलकं होईल. नाही झालं. म्हटलं, ज्यांचा अंगठा घेतला त्यांना आधी सांगायला हवं होतं.

सकाळची वेळ होती. सुंदर गोठ्यात होती. मी खाटेजवळ खाली बसलो, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि बोलायला लागलो. यंत्राचं वगैरे काही नाही, साधं सांगितलं. अर्ज नव्हता, पत्र होतं. अक्काला होतं. तिनं तुम्हाला सोडलं नाही, मी तिला सोडायला लावलं. ते रस्त्याकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, मारतील. डाव्या हातात अजून ताकद आहे. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या हातातून हात काढून घेतला, हळूच, आणि पोटावर ठेवला.

दुपारी मी खिचडी भरवायला गेलो तर तोंड मिटून घेतलं. वाटलं, भूक नसेल. सुंदरनं तीच वाटी घेतली तर दोन घास खाल्ले. रात्रीही तसंच. काल मी तिच्या आडून चमचा पुढे केला, त्यांना चमच्याच्या धरण्यावरून कळलं. ओठ घट्ट मिटले. आज पाचवा दिवस आहे. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि 'हं' बंद झालं आहे. निदान माझ्यासमोर.

सुंदरलाही सांगावं लागलं. तिला वाटत होतं ताईच हट्टी आहेत. ऐकून ती बराच वेळ ज्वारी निवडत बसली. मग म्हणाली, "अट मह्या बापानं घातली, अंगठा तुमच्या बापाचा घेतला. मले कोनी इचारलं?" उठताना म्हणाली, "कागदं काय लिहू राह्यले तुमी? जा नं तठी." मी म्हटलं, तिनं तोंडावर दार लावलं तर? ती म्हणाली, "मंग लावू द्या."

मी गेलो नाही. गाडीचं वेळापत्रक पाहिलं, पिशवी भरली, आणि गेलो नाही. तुझ्यासमोर उभं राहायची मला भीती वाटते अक्का. इथे बसून लिहायला फारसं काही लागत नाही.

दिवसभर मी घरात वावरतो. बैल जुंपतो, पाणी भरतो, औषधाच्या वेळा सांगतो. ज्यांच्यासाठी हे करायचं ते मला करू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. डॉक्टर म्हणतात, खाणं कमी होतं आहे, असं चालणार नाही, समजूत घाला. कोणत्या शब्दांनी घालू? मला माहीत असलेले सगळे शब्द मी वापरून झाले.

आखाजी सोळा दिवसांवर आली आहे.

रतिलाल


गावी, २ मे १९९२

अक्का,

तुझं पत्र काल दुपारी आलं. लिंबाखाली उभं राहून वाचलं, मग गोठ्यात जाऊन पुन्हा वाचलं. सुंदरला वाचून दाखवलं. तिच्या सांगण्यावरून आबांनाही वाचून दाखवलं, पण मी नाही, तिनं. तिला जोडाक्षरं अडतात, म्हणून अर्धा तास लागला. मी दाराबाहेर उभा होतो.

तू लिहिलं आहेस: 'अंगठा आबांचा आणि अक्कल तुझी, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. आबांना मला मेलीस म्हणायचं असतं तर ते बैलगाडी घेऊन चाळीसगावला आले असते आणि तोंडावर म्हणाले असते. तुझी सोयरीक मोडू नये म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, लग्न झालं की येईल, लाजेल, आणि मला घेऊन जाईल. पहिली आखाजी वाट पाहिली, दुसरी पाहिली. तू धुळ्यात आहेस हे मला ठाऊक होतं. धुळ्याहून इथे सकाळी गाडी आहे, दुपारी आहे, संध्याकाळी आहे. माझी मुलगी चार वर्षांची झाली. तू यंत्राचं मला सांगू नकोस. मी बोलले नाही म्हणजे झालं, असं नव्हतं. एका पत्रानं तू मला घराबाहेर काढलंस आणि आता पत्रांनीच आत बोलावतोस. मी पत्रावर येणार नाही.'

म्हणजे सहा वर्षं जे मी लपवत होतो ते तुला माहीत होतं, आणि जे तुला हवं होतं त्याला दीड तासाचं एसटीचं तिकीट लागत होतं.

सुंदर आतून म्हणाली, "या." मी दारातच थांबलो, खाटेजवळ गेलो नाही. विचारलं, "आबा, अक्काकडे जायचं का?" सतरा दिवसांनी त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नजर फिरवून खुंटीवरच्या धोतराकडे नेली आणि तिथेच ठेवली. सुंदर म्हणाली, "धुतलेलं मांगू राह्यले." तिनं पेटीतून नवं धोतर काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

डॉक्टर नाही म्हणाले. रस्ता लांब आहे, ऊन आहे, वाटेत काही झालं तर मी जबाबदार नाही, म्हणाले. मी म्हटलं, मी आहे. छगनभाऊंनी त्यांच्या साडूची जीप ठरवली आहे. मागच्या बाकावर गादी टाकू, खाली आणि बाजूंनी केळीची पानं, थंड राहतील. सुंदर बरोबर येते आहे, कारण वाटेत पाणी पाजायला तिचाच हात लागेल. मंगळवारी पहाटे चारला निघू, वाटेत थांबत थांबत येऊ. आखाजीच्या दिवशी लेक बापाकडे येते. बाप लेकीकडे निघालेला आमच्या गल्लीत कोणी पाहिला नाही. शेजारच्या बाया झाल्यात गोळा, नावं ठेवायला. ठेवू देत.

तू बोलावलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. मी ये म्हणत नाही, दार उघड असंही म्हणत नाही. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही तुझ्या दारात असू. घराला कुलूप लावून तुला कुठे जायचं असेल, तर ते तुला आधी ठरवता यावं, म्हणून हे पत्र. कुलूप असलं तर आम्ही संध्याकाळपर्यंत जीपमध्ये थांबू आणि परत येऊ. आबांना मी तसं सांगितलं आहे, त्यांना कळलं आहे.

आज दिवसभर तयारी केली. गादी, पाणी, औषधं, आबांची काठी, तुझ्या मुलीला एक फ्रॉक, सुंदरनं अंदाजानं शिवलेला. सगळं बांधून झाल्यावर छगनभाऊंनी विचारलं, आबांना उचलून आत न्यायला खुर्ची लागेल की दोघांनी हातावर घ्यायचं, तुझ्या घराला पायऱ्या किती आहेत?

मला सांगता आलं नाही. मी तुझं घर कधी पाहिलेलं नाही.

रतिलाल